रीफर माल थंड करत नाही

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये लोडिंगवर रुजू झालास, हे तुझ्या वडिलांकडून कळलं. द्राक्षाचा हंगाम ऐन भरात असताना शिकवायला कोणाला सवड नसते, म्हणून लिहितो.

रीफर कंटेनर, म्हणजे थंडाव्याचं मशीन बसवलेला कंटेनर, माल थंड करत नाही, आधीच थंड झालेला माल थंड ठेवतो. गरम पेट्या आत गेल्या तर त्यांच्यातली उष्णता काढण्याइतका जोर त्या मशीनमध्ये नसतो. थंड करायचं काम प्रीकूलिंगचं, म्हणजे भरण्याआधी माल गार करतात त्या खोलीचं. तिथे मण्याचा गाभा शून्य ते एक अंशावर आल्याशिवाय पॅलेट (फळीवर रचलेली पेट्यांची थप्पी) डॉकवर, म्हणजे कंटेनर भरायच्या धक्क्यावर, येऊ द्यायचा नाही. तपासताना कडेची पेटी उघडू नकोस, ती आधी गार होते. पॅलेटच्या पोटातली काढ आणि थर्मामीटरची सुई मण्यात खुपस. भिंतीवरचा डिस्प्ले हवेचं तापमान सांगतो, मण्याचं नाही. दोन अंशांच्या वर निघालं तर पॅलेट परत पाठव. ड्रायव्हर कुरकुरेल, मालकही फोन करेल. करू दे.

नवीन पोरं हमखास फसतात ती रिकामा कंटेनर आधी गार करून ठेवण्यात. डॉकचं सील कंटेनरला घट्ट बसत असेल आणि मागची खोली थंड असेल, तरच ते कर. उघड्यावर भरत असशील तर दार उघडताच बाहेरची हवा गार पत्र्यावर पाणी धरते. ते पाणी पेट्यांवर उतरतं, आतलं ग्रेप गार्ड, म्हणजे बुरशी रोखणारा सल्फरचा कागद, ओलं होतं, सल्फरचा वायू एकदम सुटतो आणि मणी देठाकडून पांढरे पडतात. तिकडे रॉटरडॅमला पेटी उघडल्यावर दोष पॅकिंगवर येतो. दार उघडं असेपर्यंत मशीन बंदच हवं. आणि भरायचं पहाटे. मार्चच्या दुपारी नाशिकात दार उघडं ठेवून चहाला जाणारे महाभाग मी पाहिलेत!

आता हवेची वाट. ती मशीनकडून खाली, जमिनीच्या टी-पट्ट्यांमधून येते, पेट्यांच्या भोकांतून वर चढते आणि छताखालून परत जाते. म्हणून कंटेनरच्या आतल्या भिंतीवरच्या लाल रेषेच्या वर एकही पेटी नको. पेट्यांची भोकं एकावर एक जुळलेली हवीत. शेवटच्या पॅलेटपासून दारापर्यंत जी मोकळी जमीन उरते ती पुठ्ठ्याने झाक, नाहीतर हवा सोपी वाट धरून तिथूनच वर निघून जाते आणि मधला माल उबतो. पुठ्ठ्याचं हे काम सगळ्यांनाच किरकोळ वाटतं, त्यामुळे ते स्वतः कर.

सेट पॉइंट, म्हणजे मशीनवर लावलेलं तापमान, उणे ०.५ असेल तर उणेचं चिन्ह बोट ठेवून वाच. व्हेंट, म्हणजे ताज्या हवेची झडप, बुकिंगमध्ये लिहिलंय तेवढीच उघडी ठेव. लॉगर, म्हणजे तापमान नोंदवणारं यंत्र, सुरू करूनच आत ठेव. कसारा घाट उतरून न्हावा शेव्यापर्यंत मशीन जेनसेटवर, म्हणजे गाडीवरच्या डिझेल जनरेटरवर, चालणार, तेव्हा डिझेल बघितल्याशिवाय गाडी सोडू नकोस. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यापासून बऱ्याच बोटी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्या आणि प्रवास साधारण दोन आठवड्यांनी लांबला. इथे राहिलेला अंशभर फरक तिथे सुकलेल्या देठात दिसतो.

एप्रिलमध्ये आंबा आला की यातले आकडे विसर. आंब्याला बारा-तेरा अंश लागतात. द्राक्षाच्या थंडीत त्याची साल काळवंडते आणि फळ नीट पिकत नाही. आंबा भरण्याआधी मला फोन कर.

तुझा,
काका