हीटर, हप्त्यांवरचे यंत्र आणि वडिलांची खोली

प्रश्न : मी दीड वर्षापासून पूर्णवेळ घरून काम करते. घर भाड्याचे असून कराराची दोन वर्षे शिल्लक आहेत. हिवाळ्याचे चार महिने माझ्या कामाच्या खोलीत २००० वॉटचा हीटर रोज नऊ तास लावलेला असतो. वडील ७४ वर्षांचे आहेत. त्यांच्या खोलीत १५०० वॉटचा वेगळा हीटर आहे. मीटरवरून पाहिले तर माझ्या हीटरचे दिवसाला साधारण १२ आणि त्यांच्या हीटरचे ८ युनिट पडतात. एवढे करूनही माझे पाय गारच राहतात. कामाच्या खोलीत गरम हवाही देणारा एसी बसवण्याचा विचार आहे. उन्हाळ्यात एसीची गरज आम्हाला भासत नाही. तो १८ हप्त्यांत घ्यावा, की अडीअडचणीसाठी ठेवलेल्या रकमेतून रोखीने? ही रक्कम चार महिन्यांच्या घरखर्चाइतकी आहे आणि यंत्राला तिच्यातली जवळपास निम्मी लागेल.

उत्तर : पत्र लिहिण्यापूर्वी तुम्ही दोन्ही हीटरांचे युनिट वेगवेगळे मोजलेत, हे फार चांगले केलेत. बहुतेक जण केवळ फुगलेले बिल पाठवतात आणि त्यातला किती भाग कशाचा, हे अंदाजाने ठरवावे लागते. तुमच्या आकड्यांमुळे मला स्पष्ट उत्तर देता येते : हे यंत्र या हिवाळ्यात घेऊ नका, हप्त्यांवरही नको आणि राखीव रकमेतूनही नको. त्याआधी तुमचे टेबल वडिलांच्या खोलीत हलवून पाहा. हा सल्ला आर्थिक सल्लागाराच्या तोंडी विचित्र वाटेल, याची मला कल्पना आहे. म्हणून त्यामागचा हिशेब सविस्तर मांडतो.

चार महिन्यांचे १२० दिवस धरू. त्यांपैकी कामाचे ८५. तुमच्या हीटरचे रोजचे १२ युनिट म्हणजे हंगामाला १०२० युनिट, आणि वडिलांचा हीटर सुट्टीच्या दिवशीही लागत असल्यामुळे त्याचे रोजचे ८ याप्रमाणे ९६० युनिट. दोन्ही मिळून १९८० युनिट झाले. तुम्ही म्हणता तो एसी गरम करताना हीट पंपासारखे काम करतो, म्हणजे तो विजेपासून उष्णता तयार करत नाही, तर बाहेरच्या हवेतील उष्णता ओढून आत आणतो; त्यामुळे एका युनिटात साधारण तीन युनिटांची ऊब मिळते. बाहेर थंडी फार कडक असेल तर हे प्रमाण घटते, पण आपण तीनच धरू. मग तुमच्या खोलीचे १०२० युनिट ३४० वर येतील आणि हंगामाला ६८० युनिट वाचतील.

तुम्ही कळवलेली यंत्राची किंमत, बसवण्याच्या खर्चासह, तुम्हीच कळवलेल्या विजेच्या दराने भागली, तर ते यंत्र सुमारे ५४०० युनिटांना पडते. १८ हप्त्यांचे व्याज आणि प्रक्रिया शुल्क मिळवले की हाच आकडा ६१०० युनिटांच्या घरात जातो. दरवर्षी ६८० युनिटांची बचत धरली तर रोखीने घेतलेले यंत्र आठव्या हिवाळ्यात आणि हप्त्यांनी घेतलेले नवव्या हिवाळ्यात स्वतःची किंमत भरून काढेल, आणि तुमच्या भाडेकराराला मात्र दोनच वर्षे उरली आहेत. घर बदलताना यंत्र काढणे, नेणे आणि नव्या ठिकाणी पुन्हा बसवणे हा खर्च मी यात धरलेलाच नाही. विक्रेत्याने हप्ते विनाव्याज असल्याचे सांगितले, तरी रोख खरेदीवर मिळू शकणारी सूट अशा योजनेत बहुधा सोडावी लागते, आणि ती सोडलेली सूट हेच त्या हप्त्यांचे व्याज असते. तेव्हा दोन्ही किमती शेजारी शेजारी लिहून मागा.

राखीव रकमेबाबत मी अधिक आग्रही आहे. घरात कमावणारी व्यक्ती एक, सोबत ७४ वर्षांचे वडील आणि उत्पन्न एका नोकरीवर अवलंबून. अशा घराला चार महिन्यांचा खर्च राखीव ठेवणे म्हणजे जेमतेम पुरेसे आहे, आणि ते सहा महिन्यांपर्यंत न्यावे असेच मी सुचवले असते. त्यातली निम्मी रक्कम भिंतीवर टांगली, तर अडचणीच्या दिवशी ती परत हातात येत नाही. वाढलेले बिल जाचक असते, पण ते आधीच दिसणारे आणि कमी करता येणारे संकट आहे. राखीव निधी ठेवायचा तो न दिसणाऱ्या संकटांसाठी.

आता टेबलाविषयी. वडिलांची खोली तापवावीच लागणार आहे, आणि तिथे काटकसर करू नये, हे मी आधीच सांगून ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या घरे आणि आरोग्यविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये थंडीच्या काळात घरातले तापमान किमान १८ अंश सेल्सिअस असावे असे म्हटले आहे, आणि वृद्धांसाठी व दीर्घ आजार असलेल्यांसाठी त्याहून अधिक तापमान लागू शकते, असेही नमूद केले आहे. म्हणजे तुमच्या घरात एक खोली कोणत्याही परिस्थितीत उबदार राहणार आहे, आणि दिवसा नऊ तास तुम्ही तिच्या शेजारची दुसरी खोली केवळ एका माणसासाठी तापवत आहात. बसून काम करणारा माणूस स्वतः सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. लॅपटॉप आणि मॉनिटर मिळून ५० वॉट धरले, तर तुम्ही त्या खोलीत नुसत्या जाऊन बसलात तरी नऊ तासांत १.३५ युनिटांची ऊब सोबत नेता.

तुम्ही तिथे असताना हीटर थोडा अधिक वेळ चालेल असे मानून कामाच्या दिवशी ८ ऐवजी १० युनिट धरू, आणि पायांसाठी व पाठीसाठी लागणाऱ्या लहान साधनांना दिवसाला १ युनिट देऊ. मग ८५ दिवसांचे ९३५ आणि सुट्टीच्या ३५ दिवसांचे २८०, असे १२१५ युनिट होतात. आजच्या १९८० च्या तुलनेत ७६५ युनिट वाचले. म्हणजे जवळजवळ काहीही खर्च न करता यंत्रापेक्षा अधिक बचत झाली. तुमच्याकडे विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढत असतील, तर वाचलेले युनिट सर्वांत महागड्या टप्प्यातले असतात, त्यामुळे प्रत्यक्ष बचत सरासरी दराने काढलेल्या रकमेहून मोठी निघेल.

यात अडचण आहे ती एकांताची, आणि ती मी क्षुल्लक मानत नाही, कारण तुमचे काम हाच या घराचा मुख्य आर्थिक आधार आहे. वडिलांची दुपारची झोप आणि तुमच्या बैठका एकाच वेळी येत असतील, तर तेवढ्या तासापुरते जुन्या खोलीत जा. एका तासासाठी तो हीटर लावला तर फार तर २ युनिट जातील, आणि रोज लावला तरी हंगामाला १७० युनिटांपलीकडे खर्च जाणार नाही. वडिलांना हे आधी विचारा, मात्र, गृहीत धरू नका. खोली त्यांची आहे.

पाय गार का राहतात, याचे उत्तर हीटरच्या वॉटमध्ये नाही. मी घरून काम सुरू केले त्या पहिल्या हिवाळ्यात दोन साधी तापमापके घेऊन एक टेबलावर आणि दुसरे टेबलाखाली जमिनीलगत ठेवले होते. हीटर तासभर चालल्यावर वरचे २० अंश दाखवत होते आणि खालचे १५. तापलेली हवा हलकी होऊन छताकडे जाते आणि दाराखालच्या फटीतून आलेली गार हवा जमिनीवर पसरते, त्यामुळे आपण ज्या उबेचे पैसे भरतो ती डोक्यावरून निघून जाते. ते दोन आकडे पाहिल्यापासून मी खोलीचे तापमान चढवणे सोडले आणि पायांखालचा गारठा अडवायला लागलो.

त्यासाठी लागणारी सामग्री स्वस्त आहे. दाराच्या खालच्या कडेला लावायची पट्टी, खिडकीच्या चौकटीत चिकटवायचा फोमचा पट्टा आणि जमिनीपर्यंत येणारा जाड पडदा. एकेरी काचेच्या २ चौरस मीटर खिडकीतून, आत-बाहेर १० अंशांचा फरक असेल तर, साधारण ११० वॉट उष्णता सतत बाहेर जात असते. एक माणूस जितकी उष्णता देतो जवळपास तितकीच ती काच बाहेर टाकते. अंधार पडताच पडदा ओढला तर यातला बराच भाग आत राहतो. फटी बुजवताना हवा खेळण्यासाठी मुद्दाम ठेवलेला झरोका मात्र बंद करू नका, आणि दिवसातून एकदा काही मिनिटे खिडकी उघडून खोलीतली कोंदट, दमट हवा बाहेर जाऊ द्या. जळणावर चालणारी शेगडी किंवा गॅसचा हीटर बंद खोलीत वापरण्याचा विचार स्वस्त पडतो म्हणूनही करू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही.

पायांसाठी ६० ते १०० वॉटचे गरम होणारे पायपोस मिळते. नऊ तास चालवले तरी ते १ युनिटाच्या आतच राहते. गरम पाण्याची पिशवी त्याहून स्वस्त : दोन लिटर पाणी २० अंशांवरून ७० अंशांपर्यंत तापवायला १ युनिटाचा साधारण आठवा भाग पुरतो, आणि रजईखाली, मांडीवर किंवा पाठीमागे ठेवलेली पिशवी दोन-तीन तास ऊब देते. पाणी उकळते भरू नका, पिशवीला कापडी खोळ घाला आणि रबर तडकलेले दिसले की ती टाकून द्या. वडिलांना मधुमेह असेल किंवा पायांची संवेदना कमी झालेली असेल, तर अशी पिशवी आणि विजेचे ब्लँकेट त्यांच्या अंगाला लागू देऊ नका. भाजल्याचे त्यांना वेळेत कळणार नाही.

कपड्यांना मी हिशेबात शेवटी ठेवत नाही. १९४१ साली शास्त्रज्ञांनी कपड्यांची ऊब मोजण्यासाठी क्लो नावाचे एकक ठरवले, आणि २१ अंशांच्या खोलीत शांत बसलेल्या माणसाला सुखावह वाटेल इतके कपडे म्हणजे १ क्लो, असे मानले. ऊब खरे तर कपड्यात नसून त्याच्या थरांमध्ये अडकलेल्या स्थिर हवेत असते. म्हणून एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ थर आणि वर एक सैलसर थर अधिक उपयोगी पडतो. बोटे गारठून टंकलेखन जड जात असेल, तर आधी छाती-पोट उबदार करा, कारण धड गार पडू लागले की शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचित करून रक्त आत राखून ठेवते, आणि मग नुसत्या हातमोज्यांनी काम भागत नाही.

दुकानात तुम्हाला कमी विजेत जास्त ऊब देणारा नवा हीटरही दाखवला जाईल. साधा विजेचा हीटर पंख्याचा असो, तेलाचा असो की लाल दांड्यांचा, घेतलेली जवळजवळ सगळी वीज तो उष्णतेतच बदलतो. १५०० वॉटच्या कोणत्याही हीटरकडून १५०० वॉटचीच ऊब मिळते. फरक पडतो तो ती ऊब कुठे जाते यात. तेलाचा हीटर खोली सावकाश तापवतो व सावकाश निवतो, म्हणून वडिलांच्या खोलीला तो बरा. आहे तो हीटर नीट चालत असेल तर केवळ बिलासाठी तो बदलू नका, तो स्वस्त पातळ वायरच्या विस्तारित बोर्डवर न लावता थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा आणि पडदे, रजई त्यापासून किमान एक मीटर दूर ठेवा.

यंत्राचा विचार कायमचा सोडा असे मी म्हणत नाही, पण ते कधी घेतलेच तर तुमच्या खोलीत नव्हे, वडिलांच्या खोलीत बसवा, कारण टेबल हलवल्यावर सगळी ऊब तिथेच खर्च होणार आहे. त्या खोलीच्या हंगामी ११३० युनिटांपैकी सुमारे ७५० वाचतील. तरीही ५४०० युनिटांची किंमत वसूल व्हायला सातहून थोडे अधिक हिवाळे लागतील. घरमालक खर्चात वाटा उचलत असतील आणि करार वाढवून देत असतील, किंवा वडिलांसाठी उन्हाळ्यातही थंड हवा लागणार असेल, तर हे गणित बरेच बदलते. मालकांशी बोलणे मात्र लेखी करा. तोवर दर महिन्याच्या बिलात जितकी घट दिसेल तितकी रक्कम राखीव निधीतच भरत जा. कंपनी घरून काम करणाऱ्यांना वीज किंवा साधनांचा भत्ता देते का, हेही एकदा ईमेलने विचारा; अनेक जण हे विचारतच नाहीत.

विक्रेत्याला या महिन्यात नकार कळवा आणि पंधरा दिवस रोज ठरावीक वेळी मीटरचा आकडा लिहून ठेवा. माझा अंदाज कामाच्या दिवशी वडिलांच्या खोलीतला हीटर आणि लहान साधने मिळून ११ युनिटांचा आहे. तुमच्या वहीत तो १५ च्या वर गेला, तर वडिलांच्या खोलीतून ऊब कुठेतरी निसटते आहे. आधी खिडकीची चौकट आणि दाराखालची फट तपासा, आणि मग ती वही घेऊन मला पुन्हा लिहा.