उणे शून्य, वजा शून्य की ऋण शून्य?

प्रश्न गोरेगावहून आलाय. सोसायटीच्या मेंटेनन्स बिलावर ‘मागील बाकी : -०.००’ असं छापून आलं. सेक्रेटरी म्हणाले, शून्यच आहे, सोडून द्या. कॉम्प्युटर शिकणारी मुलगी म्हणाली, हा निगेटिव्ह झीरो. तर याला मराठीत म्हणायचं काय?

माझं मत ऋण शून्याला.

‘उणे’ जुना, गोड शब्द. ‘ऊन’ म्हणजे कमी. एकोणतीस, एकोणचाळीस यांच्या पोटात तोच दडलाय. लेहचं तापमान उणे १० म्हणताना तो चपखल बसतो. पण उणे काय नि वजा काय, दोन्हींत कशातून तरी काढून घेणं आलं. आणि इथेच गंमत आहे. कॉम्प्युटरच्या फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे दशांशचिन्हाच्या आकड्यांच्या, हिशेबात साध्या शून्यातून साधं शून्य वजा केलं, तर नेहमीच्या पद्धतीत उत्तर साधं शून्यच येतं. त्याच शून्याचं चिन्ह उलटवलं किंवा त्याला -५ ने गुणलं, की ऋण शून्य हाती लागतं.

असे आकडे कॉम्प्युटरने कसे मांडायचे हे ठरवणाऱ्या १९८५च्या आयईईई ७५४ मानकात चिन्हाला स्वतंत्र बिट (० किंवा १ मावेल एवढी जागा) आहे, आकडा शून्य झाला तरी तो पुसला जात नाही. दोन्ही शून्यं सारखी का, असं विचारलं तर मशीन ‘हो’ म्हणतं. पण १ ला या दोन शून्यांनी भागून पाहा: एकीकडे धन अनंत, दुसरीकडे ऋण अनंत! आकडा झिजत झिजत शून्यावर आला तर तो कुठल्या बाजूने आला, एवढी आठवण त्या बिटात उरते. दादरला उतरलेला माणूस चर्चगेटहून आला की विरारहून, हे फलाटावर बघून कळत नाही. खिशातलं तिकीट सांगतं, तसंच.

ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम दिले, त्यात शून्य या दोन्हींहून वेगळं. ऋण शून्य त्याला खपलं नसतं बहुधा, पण शब्द त्याच्या परंपरेतलेच आहेत.

आता तुमचं बिल. तिथे ऋण शून्य असेलच असं नाही. ०.३ मधून ०.१ आणि ०.२ ची बेरीज वजा करायला कॉम्प्युटरला सांगा. शून्य येत नाही. दशांशचिन्हापुढे सोळा शून्यं आणि मग ५५... अशी ऋण संख्या येते. दोनच स्थळं छापली की झालं ‘-०.००’. या शून्यासारख्या दिसणाऱ्या, पण शून्य नसलेल्या प्रकाराला मात्र मी ‘वजा’च लावीन, फक्त मागून: सूचनावजा, टोमणेवजा, तसं शून्यवजा.

तेव्हा सेक्रेटरींना सांगा, बाकी शून्यवजा आहे. आणि चिन्ह खरं धरलं तर सोसायटीच तुमचं देणं लागते.