चुनखडकातले तेल : एका विहिरीवरून अंदाज का बांधता येत नाही?

प्रश्न : मुंबई हायचे बरेचसे तेल चुनखडकात आहे, असे वाचले. मग एका विहिरीत खडकाची सच्छिद्रता मोजली की साऱ्या क्षेत्रातील तेलाचा हिशेब का लागत नाही? (एक वाचक, उरण)

उत्तर : समुद्रात विहिरी खोदणाऱ्या 'सागर सम्राट' या रिगने १९७४ मध्ये तेथे तेल शोधले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेथील मुख्य साठा, म्हणजे 'एल-३', हा मायोसीन या भूवैज्ञानिक काळातील चुनखडकाचा असून त्याच्या थरांमध्ये शेलचे, म्हणजे चिखलापासून बनलेल्या घट्ट खडकाचे, पातळ पट्टे आहेत. वाळूच्या खडकातील छिद्रे बहुतांशी कणांमधल्या जागेत असतात. चुनखडक मात्र शंख-शिंपल्यांच्या आणि सूक्ष्मजीवांच्या कवचांपासून बनतो आणि पुढे पाण्यात विरघळत, पुन्हा स्फटिकरूप घेत बदलत राहतो. एखादे कवच विरघळून त्याच्या आकाराची पोकळी उरते, पण तिला शेजारच्या पोकळीकडे जाणारी वाट असेलच असे नाही. म्हणूनच सच्छिद्रता सारखीच असलेल्या दोन नमुन्यांची पार्यता, म्हणजे द्रव वाहू देण्याची क्षमता, शेकडो पटींनी वेगळी निघू शकते. खरी मेख इथेच आहे.

विहिरीतून काढलेल्या कोअरमधून, म्हणजे खडकाच्या दंडगोलाकार नमुन्यातून, प्रयोगशाळेसाठी कापतात तो तुकडा जेमतेम बोटाएवढा असतो. मोठी पोकळी किंवा भेग त्यात सापडतच नाही, आणि सापडली तर तो तुकडा भोवतालच्या खडकाचा प्रतिनिधी राहत नाही. त्यामुळे अशा खडकासाठी अखंड कोअरच तपासणे मला अधिक भरवशाचे वाटते. विहिरीत मोजलेल्या खडकाच्या विद्युत रोधाच्या नोंदींवरून तेल-पाण्याचे प्रमाण काढण्यासाठी अमेरिकी अभियंते आर्ची यांचे १९४२ चे सूत्र वापरतात. त्यातील छिद्ररचनेचा घातांक सरसकट २ धरण्याचा प्रघात आहे, पण एकमेकींपासून तुटलेल्या पोकळ्यांच्या खडकात तो ३ च्याही वर जाऊ शकतो. अशा ठिकाणी २ धरल्यास पाणी कमी आणि तेल जास्त दिसते, म्हणजे कागदावरचा साठा फुगतो.

शिवाय चुनखडकाच्या पृष्ठभागाला पाण्यापेक्षा तेल अधिक चिकटण्याची प्रवृत्ती बऱ्याचदा आढळते. दाब टिकवण्यासाठी सोडलेले पाणी मग सर्वाधिक पार्य थरातून किंवा भेगेतून पुढे पळते आणि उत्पादन विहिरीत लवकर येऊन पोहोचते, तर शेजारच्या घट्ट थरातील तेल जागीच राहते. असा पार्य थर कुठवर पसरला आहे, हे एका विहिरीवरून कळत नाही. त्यासाठी अनेक विहिरींच्या नोंदी, भूकंपीय सर्वेक्षण (कृत्रिम कंपनलहरींनी घेतलेला भूगर्भाचा वेध) आणि उत्पादनाचा इतिहास एकत्र ताडून पाहावा लागतो.