दुसरीचा सांगाडा करू नकोस

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझे अकरा फोटो मिळाले. दहा नीट बघितले, अकराव्याला चष्मा काढून बाजूला ठेवला. त्या फोटोत आइस्क्रीमच्या डब्यात चार स्क्रू आहेत आणि मागे तेलकट होमलाइटचं, म्हणजे पेट्रोलवरच्या साखळी-करवतीचं, कव्हर उताणं पडलंय. म्हणजे काकाला विचारलंस आणि उत्तराची वाट न बघता खोलायलाही बसलीस. असो. चारच स्क्रू निघालेत. इथून परत फिरता येतं.

तुझ्याकडे होमलाइटच्या दोन एक्सएल-१२ करवती. एक दिसायला देखणी, पण प्लगला ठिणगी नाही. दुसरी कळकट, एअर फिल्टरच्या जागी उंदराचं घरटं, पण ठिणगी निळी आणि कडक. तर हिची कॉइल, म्हणजे ठिणगीची वीज बनवणारं वेटोळं, काढून तिला लावू का, असा प्रश्न. सगळे तेच सांगतात म्हणतेस. सांगणारच. दोन बंद करवतींची एक चालू होते, हिशोब सोपा दिसतो. हाच हिशोब मी एकदा केलाय, म्हणून आज जेवण झाल्यावर झोपायचं सोडून लिहायला बसलोय.

दुसरीचा सांगाडा करू नकोस.

आधी त्या देखणीचं बघू. ठिणगी नाही म्हणजे कॉइल गेली, हे तुला कोणी सांगितलं? वीस वर्षं कोठारात पडून राहिलेल्या करवतीत बहुतेक वेळा कॉइल ठणठणीत असते, पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघडमीट करणारे छोटे संपर्क, काळवंडलेले असतात. हिचे पॉइंट फ्लायव्हीलच्या मागे, छोट्या डबीत असतात. फ्लायव्हील काढताना त्याच्या पात्यांवर हातोडा मारलास तर माझ्याकडे येऊ नकोस. पुलर, म्हणजे चाक सरळ ओढून काढायचं हत्यार, लाव. माझा घेऊन जा. डबी उघडलीस की पॉइंट किंचित उघडून मध्ये साध्या पांढऱ्या कागदाची पट्टी घाल, पॉइंट मिटू दे आणि पट्टी हळू ओढ. कागदावर काजळासारखी रेघ उमटेल. नवी पट्टी घे, पुन्हा ओढ. रेघ उमटायची थांबेपर्यंत. पॉलिश पेपर घासत बसू नकोस, त्याचे कण आत अडकतात. मग फिलर गेजने फट बघ : ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिलिमीटर. एवढं करून ठिणगी आली नाही तर कंडेन्सर बघू, आणि कॉइलला दोष द्यायचा तो सगळ्यात शेवटी.

आता ती कळकट. तिला ठिणगी आहे, मग ती सुरू का होत नाही, हे विचारलंस का? तूच पाठवलेल्या चौथ्या फोटोत पेट्रोलच्या नळीचा काकवीसारखा चिकट लगदा झालेला दिसतोय. इथल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्याने जुनं रबर असंच विरघळतं. कार्बोरेटरमधला डायाफ्राम, म्हणजे पातळ पडदा, पापडासारखा कडक झाला असणार. वीतभर नळी आणि डायाफ्रामचा एक संच, एवढ्यावर ही बाई उठून बसेल. जी जिवंत आहे तिचं काळीज काढून, जिला नुसतं पडसं झालंय तिच्यात घालायला निघाली होतीस तू.

रागावलो नाही. म्हणजे थोडा रागावलोय.

एक्सएल-१२ म्हणजे काय चीज आहे हे तुला कळावं म्हणून सांगतो. १९२९ साली श्टीलने पेट्रोलवरची करवत काढली तेव्हा ती उचलायला दोन माणसं लागायची. १९४९ मध्ये मॅकलक कंपनीने एकट्याला झेपेल अशी काढली, ती २५ पौंडांची. आणि १९६३ साली होमलाइटने ही काढली : साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी आणि साखळी सोडून १२ पौंड. नावातला आकडा तोच. इंजिन ५४ सीसी. शेतकरी, कुंपणं घालणारे, सरपण फोडणारे, सगळ्यांच्या हातात ती आली. म्हणूनच तुला दोन-दोन मिळाल्या आणि म्हणूनच लोक त्या बेफिकीरपणे फोडतात. पुष्कळ आहेत म्हणतात. पुष्कळ असलेल्या वस्तूच आधी संपतात, कारण त्या जपायचं कोणाच्या मनातच येत नाही.

आता माझं. १९९४ चा हिवाळा. माझ्याकडे दोन पायोनियर करवती होत्या. या करवती इथे कॅनडात, आपल्या याच पीटरबरो गावात बनायच्या, त्यामुळे मला त्यांचं जास्त. एक स्वच्छ, जवळजवळ न वापरलेली. दुसरी एका लाकूडतोड्याच्या घरातून आलेली. तिच्या मुठीवर त्याने सायकलची ट्यूब कापून गुंडाळली होती, आणि त्या ट्यूबवर त्याच्या चार बोटांचे खड्डे पडले होते. ती चालत होती. नीट ऐक, चालत होती. मी तिची कॉइल काढली, कार्बोरेटर काढला, मग हात सैल सुटला तसा पिस्टन-सिलिंडर काढून एकाला विकलासुद्धा. चाळीस डॉलर. स्वच्छ करवत त्या कॉइलवर सुरू झाली, मी बायकोला अंगणात बोलावून दाखवली. तिसऱ्या दिवशी गरम झाल्यावर क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या घराच्या, खालून तेल पाझरायला लागलं. मॅग्नेशियमच्या कास्टिंगला केसाएवढी चीर होती. थंड असताना दिसत नव्हती. ती करवत जवळजवळ न वापरलेली का होती, ते मला तेव्हा कळलं : पहिल्याच मालकाच्या हातून ती कधीतरी पडली असणार आणि त्याने ती फळीवर ठेवून दिली असणार.

दोन्ही गेल्या. देखणी आतून फुटलेली होती आणि धडधाकट होती ती मी स्वतः फोडली. म्हणून सांगतो, दुसरीचा सांगाडा करू नकोस.

तू म्हणशील, काका, आपल्याकडे तर असंच करतात. करतात. कोल्हापूरला उद्यमनगरात मी उमेदवारी केली तिथे आमचे मिस्त्री एका इंजिनाचं हेड दुसऱ्याला आणि दुसऱ्याचा पंप तिसऱ्याला लावून संध्याकाळच्या आत गिऱ्हाईक वाटेला लावायचे. तुझ्या आजोबांनी सांगलीकडे हेच केलं असेल. पण तिथे पाण्याची पाळी आलेली असायची, ऊस वाळत असायचा. पोटाचा प्रश्न असेल तर मीही हातात सापडेल ते फोडीन. तुझ्या मागे कुठला ऊस वाळतोय? तुला शनिवार-रविवार आहे, तळघर आहे, गरम चहा आहे. ज्याला घाई नाही त्याने घाई असलेल्या माणसाचे नियम उचलू नयेत.

हा नियम पाळल्याचा परिणाम काय होतो तेही प्रामाणिकपणे सांगतो, नाहीतर काकू सांगेलच. माझ्याकडे चौतीस करवती आहेत. चालू अकरा. गाडी बारा वर्षं बाहेर बर्फात उभी असते. काकू त्याला गॅरेज म्हणत नाही, पांजरपोळ म्हणते. पाहुण्यांसमोर म्हणते. मला त्याचं काही वाटत नाही. पांजरपोळात भाकड जनावर ठेवतात, कापत नाहीत, हाच तर त्यातला अर्थ. आणि तेवीस बंद आहेत म्हणजे मेल्यात असं नाही. कुणाची नळी यायचीय, कुणाचं सील यायचंय. माणसं थांबतात तशा त्या थांबल्यात. मी भंगार गोळा करत नाही. हे तुला सांगायची गरज नव्हती, पण निघालं.

वेडेपणाच म्हणायचा तर रॉबर्ट मॅकलककडे बघ, तो पिवळ्या करवतींचा मालक. त्याने १९६८ मध्ये चक्क लंडन ब्रिज विकत घेतला, २४ लाख ६० हजार डॉलरला, आणि ॲरिझोनाच्या वाळवंटात लेक हवासू सिटीत नेऊन उभा केला. १९७१ मध्ये उद्घाटन. पण खोलताना प्रत्येक दगडाला नंबर टाकला होता! तू चार स्क्रू एका डब्यात टाकलेस, कुठला कुठला हे आठवतंय का? पुठ्ठ्याचा तुकडा घे, त्यावर करवतीचा आकार काढ आणि ज्या जागेचा स्क्रू त्या जागी खुपसून ठेव. (त्या पुलाच्या आत नवा काँक्रीटचा सांगाडा आहे आणि जुने दगड नुसते वरून लावलेत. हे काकूला माहीत नाही, सांगू नकोस.)

तू हुशार आहेस, एक प्रश्न तुझ्या तोंडावर येणारच. कोणीच करवत फोडली नाही, तर काका, तुम्हाला पार्ट कुठून मिळतात? मिळतात. जळालेल्या गोठ्यातून निघालेल्या, ट्रकखाली सापडलेल्या, क्रँककेस फुटलेल्या करवतींचे मिळतात. मेलेली म्हणजे ती. आणि हो, गेल्या हिवाळ्यात मी एका माणसाकडून कॉइल घेतली आणि ती कुठून काढली हे विचारलं नाही. मुद्दाम विचारलं नाही. त्यावर मला काही बोलायचं नाही.

एकच गोष्ट घाईने सांगतो, पण घाईने वाचू नकोस. तुझ्या दोन्ही करवतींना चेन ब्रेक नाही. पट्टीचं टोक लाकडाला लागलं की करवत उसळून तोंडावर येते आणि साखळी थांबवणारं काही नसतं. घोडीवर ठेवलेला ओंडका कापायचा, तोही टोक न लावता. झाड पाडायचं नाही. हेल्मेट, जाळी, मांडीवरचं चिलखत. आणि टाकीवर पेट्रोल-ऑइलचं प्रमाण १६:१ लिहिलंय ते त्या काळच्या ऑइलसाठी. मी आजच्या चांगल्या टू-स्ट्रोक ऑइलवर ३२:१ घालतो.

शनिवारी दहाला ये. दोन्ही आण. कळकट करवतीतलं उंदराचं घरटं काढून ये, काकूला वास चालत नाही. आणि आज झोपायच्या आधी ते कव्हर तिच्यावर परत ठेव आणि चारही स्क्रू लाव. घट्ट पिळू नकोस, मॅग्नेशियमचे आटे आहेत. नुसते हाताने बसव.

तुझा,
काका

ता. क. : ती पायोनियरची कॉइल अजून माझ्याकडेच आहे, फुटक्या क्रँककेसवर. उत्तम ठिणगी देते. कोणी विचारलं तर माझ्याकडे आहे म्हणून सांगू नकोस.