फ्लोरिडातल्या 'द व्हिलेजेस'मध्ये आईबाबांना पायी किंवा सायकलने फिरता येईल का?

तुम्ही लिहिलंय की बाबा 72 वर्षांचे आहेत, नाशिकला रोज पहाटे साडेपाचला तासभर चालतात. आईला गाडी येत नाही, सायकल कॉलेजात असताना चालवली होती. आणि जानेवारी ते मार्च दोघांसाठी तिथे, म्हणजे निवृत्त लोकांसाठी वसवलेल्या त्या गावात, भाड्याने घर बघताय. थोडक्यात सांगायचं तर फिरता येतं, मनसोक्त येतं. पण जाहिरातीत ज्याला चालण्या-सायकलीचा मार्ग म्हणतात, तो मुळात गोल्फ कार्टचा, म्हणजे गोल्फच्या मैदानावर चालते त्या छोट्या उघड्या गाडीचा, रस्ता आहे. चालणाऱ्यांना त्यावर मुभा आहे, इतकंच. हे आधीच डोक्यात घेऊन गेलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आम्ही न्यू जर्सीचे. हे रिटायर झाल्यापासून पाच हिवाळे तिथे काढलेत, दर वेळी वेगळ्या भागात घर घेऊन. त्यामुळे भागाभागातला फरक पायांनी मोजलाय म्हटलं तरी चालेल.

गाव आहे ऑरलँडोच्या वायव्येला, गाडीने तासाभरावर. गाव म्हणतेय खरी, पण 2020 च्या जनगणनेत त्या महानगर क्षेत्राची लोकसंख्या 1,29,752 भरली होती. सुरुवात 1980 च्या दशकातली. हॅरल्ड श्वार्ट्झ यांची मोबाइल होमची, म्हणजे कारखान्यात बनवून आणून ठेवलेल्या घरांची, साधी वसाहत होती, तिला मुलाने, गॅरी मोर्स यांनी, गोल्फची जोड दिली. लोक गोल्फ खेळायला कार्ट घ्यायचे, मग त्याच कार्टने दुकानात जायला लागले, मग डॉक्टरकडे, मग संध्याकाळी चौकात गाणी ऐकायला. आज तिथे शंभर मैलांहून जास्त लांबीचे कार्ट पाथ आहेत. कागदोपत्री नाव मल्टिमोडल पाथ, तोंडात मात्र कार्ट पाथच.

आता मुख्य मुद्दा, घर कुठे घेताय. जुना भाग म्हणजे काउंटी रोड 466 च्या उत्तरेकडचा, स्पॅनिश स्प्रिंग्ज चौकाच्या आसपासचा. तिथे मोठ्या रस्त्यांना वेगळा पाथ बहुतेक नाहीच. रस्त्याच्याच कडेला पांढरा हिरा रंगवलेली लेन असते, तिला डायमंड लेन म्हणतात. कार्ट आणि सायकली त्यातून जातात, शेजारून मोटारी. आमचा पहिला हिवाळा तिथे गेला. मी सायकलला हात लावला नाही. 466 च्या दक्षिणेला आलात की चित्र बदलतं. मोर्स आणि बुएना विस्टा या मोठ्या बुलेव्हार्डच्या, म्हणजे रुंद रस्त्यांच्या, बाजूने गवताचा पट्टा सोडून स्वतंत्र पाथ धावतो, आणि रस्ता ओलांडायला जागोजागी खालून बोगदे आहेत. सिग्नलला उभं राहायचं काम फारसं पडत नाही. स्टेट रोड 44 च्याही खाली जो नवा भाग वाढतोय, तिथे पूल आहेत आणि फेनीसारख्या ठिकाणी निव्वळ पायी फिरायच्या वाटाही आहेत. बाबांना जर शांतपणे चालायचं असेल तर मी डोळे मिटून 466 आणि 44 यांच्या मधला पट्टा सांगेन, लेक सम्टर लँडिंग या चौकापासून मैलभराच्या आत. तळ्याकाठी लाकडी बोर्डवॉक आहे, बसायला बाक आहेत, आणि रोज संध्याकाळी पाच ते नऊ चौकात फुकट बँड असतो. तिकीट नाही, काही नाही.

बाबांच्या साडेपाचचं काय करायचं ते सांगते. जानेवारीत तिथे सूर्य उगवतो सव्वासातच्या पुढे. साडेपाचला मिट्ट काळोख, आणि पाथवर बहुतेक ठिकाणी दिवे नाहीत. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात, त्यामुळे पावणेसातला होणारा सूर्योदय एका रात्रीत पावणेआठवर जातो. बाबांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर मार्चच्या मध्यावर त्यांना वाटेल डोळ्यांनाच काहीतरी झालं. फिरायला साडेसातच बरे, घड्याळं पुढे गेल्यावर आठ. लवकर जायचंच असेल तर चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट आणि हातात टॉर्च. आणि हो, फ्लोरिडा म्हणून स्वेटर घरी ठेवून येऊ नका. जानेवारीतली एखादी पहाट नाशिकच्या थंडीला मागे टाकते.

चालायचं डाव्या बाजूने, समोरून येणाऱ्या कार्टकडे तोंड करून. सायकल उजवीकडून. आपल्या लोकांचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण अमेरिकेत वाहनं उजवीकडून चालतात आणि आपलं शरीर अजून आपल्याकडच्या रस्त्यावरच असतं. आमचे हे पहिल्याच आठवड्यात मजेत उजव्या कडेने निघाले होते. मागून एक सायकलवाले आजोबा ओरडले, 'ऑन युअर लेफ्ट!' म्हणजे मी तुमच्या डावीकडून पुढे जातोय. ह्यांनी ऐकलं 'लेफ्ट' आणि आज्ञाधारकपणे टुणकन डावीकडे उडी मारली. आजोबा गवतात. नशीब, दोघांनाही खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. चूक शंभर टक्के आमची होती, आणि माफी आजोबाच मागत होते. तेव्हापासून घरी कुणी पाहुणा आला की चहाआधी ह्यांचं डावीकडून चालण्यावरचं व्याख्यान असतं.

कार्टचा वेग कायद्याने ताशी 20 मैलांपर्यंत, म्हणजे 32 किलोमीटर. ऐकायला कमी वाटतो. पण पेट्रोलच्या कार्टचा आवाज येतो, विजेच्या कार्टचा येत नाही. ती कोपरापाशी आल्यावरच कळते. म्हणून दोन्ही कानांत हेडफोन घालून अभंग ऐकत चालणं तिथे नको. एक कान मोकळा ठेवा.

आणि बोगदे. लांबून काही वाटत नाही, पण भर उन्हात गॉगल घालून आत शिरलात की तीन-चार सेकंद अक्षरशः काही दिसत नाही. साठीनंतरच्या डोळ्यांना तर जास्तच वेळ लागतो. त्यात बोगद्याच्या तोंडाशी पाथ वळलेला असला तर समोरचा कार्टवालाही त्याच क्षणी आंधळा झालेला असतो. माझी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया व्हायच्या आधी मी आत शिरताना भिंतीला हात लावून चालायचे. गार काँक्रीट, वर कुठेतरी मोटारींचा घुमणारा आवाज, आणि अंधारातून अचानक दोन दिवे. आता मी तोंडाशी थांबते, गॉगल डोक्यावर सरकवते, दहा आकडे मोजते, मग आत. बाबांना हे नक्की सांगा.

गोल्फच्या मैदानात आत जे डांबरी पट्टे दिसतात ते वेगळे. ते खेळणाऱ्यांसाठी आहेत, तिथे फिरायला जायचं नाही. कितीही सुंदर दिसलं तरी. तळ्यांच्या काठाशीही जायचं नाही, मगरी असतात. त्या सहसा आपणहून अंगावर येत नाहीत, पण काठावर वाकून फोटो काढायची हौस तिथे नको.

आईंबद्दल. तुम्ही दोन चाकांचा विचार करताय, मी म्हणेन तीन चाकांचा करा. मोठ्या माणसांची तीनचाकी सायकल तिथे सर्रास दिसते, मागे टोपली असते, आणि कुणी हसत नाही. मी 64 व्या वर्षी चढले. डोंबिवलीत असताना सायकल शिकायला मिळाली नव्हती, ती कसर तिथे भरून काढली. एकच लक्षात ठेवायचं, तीनचाकी वळणावर वेगात नेली तर कलते. हळू. घरमालकाकडे नसेल तर वसाहतीत सेकंडहँड सायकली विकणारे भरपूर भेटतात, कारण कुणी ना कुणी घर सोडून मुलांकडे जात असतंच. हेल्मेटची सक्ती फ्लोरिडात फक्त 16 वर्षांखालच्यांना आहे. तरी घ्या.

भाड्याच्या घराबरोबर बरेचदा कार्टही मिळते. 18 वर्षांवरच्यांना ती चालवायला सरकारी फोटो ओळखपत्र जवळ हवं, असा तिथला कायदा आहे. आईंना शिकाविशी वाटेल कदाचित. पण चावी हातात घेण्याआधी विम्यात पाहुणे चालक धरलेत का, ते घरमालकाकडून लेखी घ्या. यात भिडस्तपणा नको.

बाबा नाशिकला सायकलही मारत असतील आणि त्यांना मनासारखा लांब पल्ला हवा असेल तर पाथवर मजा येणार नाही, दर मिनिटाला ब्रेक. तुम्ही सुट्टीला येणार असाल तर त्यांना विथलाकूची स्टेट ट्रेलवर न्या. जुन्या रेल्वेमार्गावरचा 46 मैलांचा डांबरी रस्ता, कार्ट नाही, मोटार नाही. व्हॅन फ्लीट ट्रेलही आहे, 29 मैल, ग्रीन स्वॅम्प नावाच्या दलदलीतून जवळजवळ सरळ रेषेत. तिथे सोबत पाणी भरपूर हवं, वाटेत दुकान नाही.

एक राहिलंच. सकाळी पाथवर सँडहिल क्रेन दिसतील, आपल्या सारसाचे भाऊबंद. उंच, राखाडी, कपाळावर लाल टिळा. जोडीने चालतात आणि कार्टलाच काय, कुणालाच वाट देत नाहीत. एकदा आमच्यापुढे सात कार्ट खोळंबल्या होत्या आणि कुणी हॉर्न दिला नाही. खाऊ घालू नका, तो तिथे गुन्हा आहे. आणि समोरून येणारा प्रत्येक जण हात हलवेल. बाबांना पहिले दोन दिवस वाटेल ओळखीचा आहे की काय. त्यांनीही हलवावा.

बघितलेल्या घराच्या व्हिलेजचं (तिथे प्रत्येक छोट्या वस्तीला व्हिलेज म्हणतात) नाव इथे खाली लिहा. दार ते पाथ किती अंतर आहे, मध्ये मोटारींचा रस्ता ओलांडावा लागतो का आणि पहिला बोगदा कुठे लागतो, ते नकाशावर बघून सांगते.