‘आशेने’, ‘आतुरतेने’ आणि ‘उत्सुकतेने’ यांत फरक काय? कुठे कोणता वापरावा?

हे तीन शब्द नेहमीच एकमेकांच्या जागी चालत नाहीत. हवं ते मिळेल याची खात्री नसेल तर ‘आशेने’, मिळणार हे ठरलंय पण धीर निघत नसेल तर ‘आतुरतेने’, आणि नुसतं जाणून घ्यायचं असेल तर ‘उत्सुकतेने’. शेतकरी ढगांकडे आशेने बघतो, आजी सुट्टीला येणाऱ्या नातवाची आतुरतेने वाट बघते, बंद पाकीट उत्सुकतेने उघडलं जातं. तिन्ही शब्द भाववाचक नामाला तृतीयेचा ‘ने’ लागून झालेत. क्रिया कुठल्या भावनेने होते ते सांगतात. म्हणूनच ‘आशेने उद्या पाऊस पडेल’ हे चूक आहे. आशा पावसाला नसते, बोलणाऱ्याला असते! तिथे मराठी क्रियापदच बदलते: ‘उद्या पाऊस पडावा’, किंवा सरळ ‘पडेल अशी आशा आहे’. ‘बहुतेक पडेल’ म्हटलं की फक्त अंदाज उरतो, इच्छा गळून जाते. लिहिताना ‘आशाने’ करू नका, तो आशा नावाच्या बाईचा ‘ने’ झाला. मात्र ‘नोकरीच्या आशेने मुंबईला आला’ यात ‘आशेने’ हेतू दाखवतो, तिथे बाकीचे दोन्ही शब्द बसत नाहीत.