मांजराची जट, नखं आणि पिसवा

प्रश्न: आमच्या लांब केसांच्या मांजरीला रोज ब्रश करतो, तरी काखेत आणि कानांमागे जटा होतात. कात्रीने कापाव्यात, की आंघोळ घातल्यावर सुटतील?

उत्तर: दोन्ही नको. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते. जट ओढली की कातडीही तिच्याबरोबर वर उचलली जाते आणि केस कुठे संपतात ते कळत नाही. कात्रीने चिरा पडतात त्या अशाच. आंघोळीने तर जट आणखी आवळते, वाळली की नमद्यासारखी घट्ट बसते. आंघोळ घालायचीच असेल, तर आधी सगळा गुंता सोडवा.

रोज ब्रश करूनही जट का होते? कारण ब्रश वरच्या केसांवरून फिरतो आणि खालची मऊ लव तशीच राहते. गळालेली लव तिथे अडकते, आणि काख, जांघ, कानांमागची जागा सतत घासली जात असल्याने पिळली जाते. ब्रश झाल्यावर स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत फिरवून पाहा. अडला, तर जट तिथेच आहे.

सोडवताना डाव्या हाताच्या चिमटीत जटेचं मूळ, अगदी कातडीलगत, धरून ठेवा म्हणजे ओढ चिमटीवर येईल, कातडीवर नाही. चिमूटभर कॉर्नफ्लॉवर जटेत चोळा, बोटांनी ती उभी फाडून दोन-तीन भाग करा. मग कंगव्याच्या कडेच्या दोन-तीन दातांनी टोकाकडून सुरुवात करून मुळाकडे सरका. मुळापासून ओढलंत तर मांजर चावेल, आणि चूक त्याची नसेल! एका वेळी पाच मिनिटं पुरे. शेपूट आपटायला लागली, कान मागे गेले, पाठीची कातडी थरथरली, की थांबायचं.

जट कातडीला चिकटून पापडासारखी सपाट झाली असेल किंवा खाली लाल, ओलसर दिसत असेल, तर घरी हात लावू नका. पशुवैद्यांकडे मशीनने काढून घ्या. आणि मांजर म्हातारं असेल, पूर्वी स्वच्छ राहायचं आणि आता कमरेजवळ जटा धरायला लागलं असेल, तर कंगव्याच्या आधी सांधे आणि दात तपासून घ्या. वाकताना दुखतं म्हणून ते तिथे चाटत नाही.

प्रश्न: बोका नखं कापू देत नाही. मागे एकदा रक्तही आलं.

उत्तर: पुढच्या पंजांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, अशी साधारण 18 नखं असतात. एका बैठकीत सगळी कापायचा हट्ट कशाला? जेवून पेंगुळला असेल तेव्हा दोन-तीन कापा. बोटाची गादी हलकेच दाबली की नख बाहेर येतं. आतला गुलाबी भाग म्हणजे जिवंत नस. तिच्यापुढे निदान 2 मिलिमीटर सोडून फक्त टोकाचा आकडा कापायचा. नख काळं असेल तर अंदाज करू नका, अगदी टोकच घ्या. बोथट कटरने नख कापलं न जाता चेंगरतं आणि चिरतं.

पुढच्या पंजाचं आतल्या बाजूचं, वर असलेलं नख विसरू नका. ते जमिनीला टेकत नाही, झिजत नाही, आणि वळून गादीत घुसतं. रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉवर लावून दोन-तीन मिनिटं दाबून धरा, मधेमधे उचलून बघू नका.

प्रश्न: पिसवा झाल्यात. कुत्र्याचं मानेवर टाकायचं औषध घरात आहे, अर्धं टाकलं तर?

उत्तर: एक थेंबही नको. कुत्र्यांच्या अशा काही औषधांत पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. मांजराच्या यकृताला ते नीट निकामी करता येत नाही, त्यामुळे अंग थरथरतं, झटके येतात, जीवही जातो. आधीच टाकलं असेल तर भांड्यांच्या सौम्य साबणाने, कोमट पाण्यात ती जागा धुवा आणि तडक पशुवैद्य गाठा. झटके सुरू झाले असतील तर धुण्यात वेळ न घालवता थेट निघा. औषधाची पुडी सोबत न्या.

पिसवाच आहेत ना, हे बारीक फणीने तपासा. फणीत आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे मांजराचंच पचलेलं रक्त. नुसती धूळ असेल तर रंग सुटत नाही.